दुकान आहे, इमारत नाही

लातूरच्या गंजगोलाईत उभे राहून चहूकडे पाहणाऱ्याला एक गोष्ट चटकन जाणवते. हा बाजार आपोआप वाढलेला नाही, तो आखलेला आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात, १९१७ साली, येथील वर्तुळाकार दुमजली इमारत उभी राहिली. तिची आखणी फैयाजुद्दीन या नगररचनाकाराची. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि भोवती गोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंतच्या बाजारपेठा या रस्त्यांवर वसल्या. दुकान कोठे असावे, त्याचे तोंड कोणीकडे असावे, गाडी कोठून यावी, याचा विचार दुकानदार येण्याआधी कोणीतरी करून ठेवला होता. त्या राजवटीविषयी मराठवाड्याच्या मनात कृतज्ञतेची भावना नाही, आणि ती असण्याचे कारणही नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी लहान व्यापाऱ्याला जी आयती चौकट मिळाली, ती आज लातूरच्या वा नांदेडच्या नव्या वसाहतीत दुकान थाटणाऱ्याला मिळत नाही, हे मान्य करावे लागेल. त्याला मिळते ती नियमावली. आखलेला बाजार मिळत नाही.

या दुकानदाराची कायदेशीर अवस्था मोठी विलक्षण असते. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीच्या जाचातून सोडवले. नुसती सूचना दिली की काम भागते. लोक अद्याप त्या कागदाला जुन्या सवयीने ‘गुमास्ता’ म्हणतात. किराणा विकायचा असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी होते. वीज मंडळाची उत्तराधिकारी कंपनी मीटर बसवते आणि बहुधा व्यापारी दराने बिल पाठवते. महानगरपालिकेचा कर विभाग त्याच खोलीची बिगरनिवासी म्हणून आकारणी करतो. म्हणजे शासनाच्या चार खिडक्यांना हे दुकान ठाऊक आहे, चारही ठिकाणी ते पैसे भरते, पावत्या जपून ठेवते. पाचवी खिडकी नगररचनेची. तिच्या दप्तरात ही इमारत एक तर नाहीच, किंवा असली तर राहते घर म्हणून आहे. दुकान आहे, इमारत नाही.

हे असे का होते ते समजण्यासाठी कायद्याकडे थोडे वळले पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. नवी इमारत बांधणे हा तर विकास आहेच, पण असलेल्या इमारतीत किंवा तिच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे हाही विकासच. तेव्हा रस्त्याकडची बैठकीची खोली मोकळी करून, भिंत काढून, तेथे शटर बसवणाऱ्या माणसाने कायद्याच्या भाषेत ‘विकास’ केलेला असतो, आणि त्यासाठी कलम ४४ खाली पूर्वपरवानगी घेणे त्याच्यावर बंधनकारक असते. ती न घेतल्यास कलम ५२ मध्ये एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही सांगितला आहे. वह्या-पेन्सिली विकणाऱ्याला अशी शिक्षा झाल्याचे कोणी ऐकलेले नाही, आणि ती व्हावी असे कोणाला वाटतही नाही. परंतु जी शिक्षा कधीच द्यायची नसते, ती पुस्तकात राहिली म्हणजे तिचा उपयोग दुसऱ्याच कामासाठी होतो. तो कोणत्या, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मुंबई व काही अपवाद सोडून राज्याला एकच नियमावली असावी, या हेतूने २०२० च्या डिसेंबरात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तत्पूर्वी शहराशहराला निराळे नियम होते. तो गोंधळ मिटला हे चांगलेच झाले. अरुंद रस्त्यावरच्या निवासी भागातही नित्योपयोगी अशी ‘सोयीची दुकाने’ तिने मान्य केली आहेत, रुंद रस्त्यावर मिश्र वापराला वाव दिला आहे. इतकेच नव्हे, तर दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांसाठी तिने सोपी वाट काढली: परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क सादर करावे, आणि परवानगीची वाट पाहत न बसता कामाला लागावे. हे वाचून कोणालाही समाधान वाटेल. मात्र या दाराला एक उंबरठा आहे. भूखंड मंजूर रेखांकनातला असावा किंवा रीतसर नियमित झालेला असावा, अशी अट आहे. आणि लहान भूखंड नेमके तेथेच अडतात.

एक उदाहरण घेऊ. नांदेडमधील एक निवृत्त लिपिक. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून शहराच्या कडेला एक गुंठा जागा घेतली. बॉण्डवर घेतली, कारण त्या भागात सगळ्यांनी तशीच घेतली होती. मुलाला नोकरी नाही, तेव्हा पुढच्या खोलीत त्याला स्टेशनरीचे आणि झेरॉक्सचे दुकान काढून द्यावे असा विचार. एक गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. समजा भूखंड नऊ मीटर रुंद आणि अकरा मीटर खोल आहे, आणि हिशेबापुरते असे धरू की समोर तीन मीटर व उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळे सोडायचे आहे. शिल्लक राहते सहा बाय साडेसहा मीटर, म्हणजे एकोणचाळीस चौरस मीटर. विकत घेतलेल्या जमिनीच्या साठ टक्के भागावर त्याने काही बांधायचे नाही. उरलेल्यात जिना, स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, आणि रस्त्यापासून तीन मीटर आत दुकान. दुकानाचा उंबरा रस्त्याला लागून हवा, हे ज्याने एक दिवसही गल्ला सांभाळला आहे त्याला शिकवावे लागत नाही. साहजिकच तो तीन मीटरांवर पत्रा टाकतो, पायरी पुढे ओढतो, आणि शेजाऱ्याने तेच केलेले असल्यामुळे त्याला अपराधी वाटत नाही.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा आहे. नकाशा काढून घेणे, तंत्रज्ञाची फी, मोजणी, जागेचे कागद, आणि कार्यालयात घालवलेले दिवस हा बहुतांशी स्थिर खर्च असतो. दुकान दोनशे चौरस फुटांचे असो की दोन हजारांचे, हा खर्च दसपट होत नाही. मोठ्या संकुलाचा बांधकाम व्यावसायिक तो शेकडो गाळ्यांवर वाटून टाकतो; लहान दुकानदाराला तो एकट्याने, दुकानाचा पहिला रुपया गल्ल्यात पडण्याआधी, सोसावा लागतो. म्हणजे करांच्या परिभाषेत बोलायचे तर हा प्रतिगामी कर आहे. लहानावर जड आणि मोठ्यावर हलका. पेरूमधील अर्थतज्ज्ञ हर्नांडो डि सोटो यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असाच एक प्रयोग सांगितला आहे. लिमा शहराच्या कडेला एक लहानसा शिवणकामाचा कारखाना सर्व नियम पाळून सुरू करायला किती काळ लागतो, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष अर्ज करून पाहिले. उत्तर आले २८९ दिवस. लिमाचे आकडे नांदेडला लागू पडतात असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र गरीब माणूस कायद्याबाहेर राहतो तो स्वभावाने बेकायदा असतो म्हणून नव्हे, तर कायद्यात शिरण्याची किंमत त्याला परवडत नाही म्हणून, हा त्यांचा निष्कर्ष आपल्याकडच्या कोणत्याही नव्या वसाहतीत फिरून पडताळता येतो.

या परिस्थितीवर शासनाने आजवर जो उपाय योजला तो क्षमेचा. २००१ साली गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा झाला. त्या वर्षाच्या पहिल्या तारखेपर्यंतच्या गुंठेवारीला त्याने अभय दिले. २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात नवे कलम घालून २०१५ अखेरपर्यंतची अनधिकृत बांधकामे अटींवर नियमित करण्याची सोय झाली. २०२१ मध्ये गुंठेवारीची मुदत पुढे सरकवून २०२० अखेरपर्यंत आणली गेली. प्रत्येक वेळी ही शेवटची संधी असल्याचा समज होतो, आणि प्रत्येक वेळी लोक त्यातून बरोबर धडा घेतात: जो थांबला त्याचे नुकसान झाले नाही. नियम पाळून, कर्ज काढून, नकाशा मंजूर करून ज्याने बांधले, तोच काय तो मूर्ख ठरला. दरम्यान अनधिकृत इमारतीवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याचा अधिकार महानगरपालिकांना आहे. ही शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, असे कायदाच सांगतो. अशा रीतीने बेकायदेशीरपणा हेच पालिकेच्या उत्पन्नाचे एक साधन होऊन बसते, आणि जे उत्पन्न देते ते नाहीसे करण्याची घाई कोणालाच नसते.

येथवर वाचून कोणाला वाटेल की लेखक नियमांच्याच विरुद्ध आहे. तसे मुळीच नाही, आणि लातूर जिल्ह्यात तर तसे बोलणे हा कृतघ्नपणा होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपी गेली असता, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मेली. त्यांना धरणीकंपाने मारले असे आपण म्हणतो. वस्तुतः बहुतेकांना घरांनी मारले. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्या भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारा दगड नाही, आणि वर मातीच्या माळवदाचा प्रचंड भार. त्या वेळी लातूर हे देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा पहिला विभाग रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. नांदेडकरांनीही निश्चिंत राहू नये. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये धक्के बसले तेव्हा नांदेड शहरातील माणसे घराबाहेर धावली होती.

आता त्या निवृत्त लिपिकाच्या बैठकीच्या खोलीकडे परत या. दुकान काढायचे म्हणजे रस्त्याकडची भिंत पाडायची. बहुतेक घरे विटांच्या भारवाही भिंतींवर उभी असतात, आणि पाडली जाणारी ही भिंत वरच्या स्लॅबचा भार उचलत असते. तिच्या जागी दहा-बारा फुटांचे शटर येते. वर तुळई घातली तर घातली. नाहीतर गवंडी म्हणतो, ‘साहेब, काही होत नाही’, आणि सहसा काही होतही नाही. मग वर एक मजला चढतो, भाड्याने देण्यासाठी. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या भागात तर त्यावर आणखी एक, विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी. दुकानात पोटमाळा होतो आणि त्यावर पोती चढतात. खालचा मजला तोंडाशी पोकळ आणि वरचे मजले भरगच्च, अशी ही रचना होते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत, ज्या बहुमजली इमारती कोसळल्या त्यांतील अनेकींचा तळमजला असाच मोकळा होता. तेथे तो वाहनांसाठी मोकळा ठेवला होता, येथे दुकानांसाठी. बांधकामाची पद्धत निराळी आहे, परंतु दुबळेपणाची जागा तीच आहे.

आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या व्यवस्थेत कोणी पाहत नाही. कनिष्ठ अभियंता येतो तो फीत घेऊन येतो. पुढचे अंतर किती, बाजूचे किती, पायरी किती पुढे आली, याची नोंद होते, नोटीस निघते. भिंत काढली त्या जागी तुळई आहे का, खांब कापला आहे का, दाराच्या वरच्या पातळीवर घराला वेढणारा काँक्रीटचा पट्टा आहे का, वीजमापकाची पेटी एकुलत्या एक जिन्याखाली आहे का आणि त्याच जिन्याखाली पुठ्ठ्याची खोकी रचली आहेत का, हे फितीने मोजता येत नाही. २४ मे २०१९ रोजी सुरतेत एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गात आग लागून बावीस विद्यार्थी गेले. त्यानंतर काही दिवस सगळीकडे तपासण्या झाल्या. लातूरला त्या बातमीने अधिक हादरायला हवे होते, कारण खाली दुकाने आणि वर शिकवणी ही आपल्या शहराची रीतच आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते दोन प्रकारचे नियम आपण एकाच गाठोड्यात बांधले, हे या दुखण्याचे मूळ आहे. काही नियम शहराच्या सोयीचे व रूपाचे आहेत. वाहनतळ, मोकळे अंतर, चटईक्षेत्र. काही नियम जिवाचे आहेत. भार, आग, वाट. पहिल्या प्रकारचे नियम लहान दुकानाला झेपेनासे झाले की तो माणूस संपूर्ण गाठोडेच फेकून देतो, आणि त्याबरोबर दुसऱ्या प्रकारचेही जातात. अनधिकृत ठरलेल्या इमारतीत अभियंत्याला बोलावून तुळई तपासून घेणे म्हणजे चोराने स्वतः पोलिसाला घरी बोलावण्यासारखे आहे. तेव्हा दोनशे-अडीचशे चौरस फुटांपर्यंतच्या दुकानासाठी, घराच्या पुढच्या खोलीचा वापर बदलण्याला, नुसती सूचना पुरेशी मानावी, जशी आस्थापना कायद्याने मानली. मात्र त्या सूचनेसोबत एक प्रमाणपत्र अनिवार्य असावे: भिंत काढली असल्यास भार पेलण्याची व्यवस्था केली आहे, जिना मोकळा आहे, वायरिंग नव्या भाराला पुरेसे आहे. भूखंड गुंठेवारीतला आहे की मंजूर रेखांकनातला, हा प्रश्न या प्रमाणपत्राच्या आड येऊ देऊ नये. जमिनीचा वाद चालू राहील. तोवर स्लॅब कोसळायची थांबणार नाही.

वाहनतळाचे काय, असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. कापड लाईनमध्ये किंवा वजिराबादेत सणाच्या दिवशी दुचाकी घेऊन गेलेल्याला त्याचे महत्त्व पटवावे लागत नाही. परंतु गल्लीतल्या किराणा दुकानाला गिऱ्हाईक पायी येते. गर्दी होते ती मोठ्या दालनांनी आणि संकुलांनी, ज्यांच्या मंजूर नकाशात तळघर वाहनांसाठी असते आणि प्रत्यक्षात तेथे गाळे निघतात. तेथे नियम कठोरपणे चालवावा. लहानाला माफी आणि मोठ्याला शिस्त, हे सूत्र आज नेमके उलटे चालले आहे. अग्निशामक गाडी शिरेल इतका रस्ता मात्र गल्लीतही मोकळा राहिलाच पाहिजे. त्या बाबतीत पायरी आणि पत्रा यांना दयामाया नको.

किल्लारीनंतरच्या काळाचा एक धडा आपण विसरून गेलो आहोत. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात अतिशय नुकसान झालेली गावे नव्याने वसवली गेली, आणि इतर असंख्य गावांत लोकांनी स्वतःच आपली घरे दुरुस्त व मजबूत करायची होती. नियम तेथेही होते, पण ते खिडकीत ठेवले नव्हते. गवंड्यांना ते हाताने करून दाखवले. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. भिंतीत जोडदगड कसा घालावा, पट्टा कोठे घ्यावा, हे घरोघरी समजावण्याचे काम त्यांनी केले. ज्यांनी नियमावलीचे पान कधी पाहिले नाही, त्यांना नियम ठाऊक झाला. खेड्यात जे १९९० च्या दशकात जमले ते लातूर वा नांदेड शहरात का जमू नये? शटर बसवणारे कारागीर शहरात मोजके असतात. कोणत्याही वसाहतीत पुढची भिंत पाडण्याचे काम करणारे गवंडी चार-पाच. त्यांना बोलावून दोन दिवसांचे शिक्षण देणे, आणि दहा-पंधरा नमुना आराखडे विभाग कार्यालयात फुकट ठेवणे, यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही.

एका घटकाचा उल्लेख राहिला, आणि त्याचाच आवाज या चर्चेत सर्वांत क्षीण आहे. पुष्कळ लहान दुकानदार इमारतीचे मालक नसतात. ते भाडेकरू असतात. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानातून नांदेडचे रस्ते रुंद झाले. शहराला त्याची नितांत गरज होती. रस्तारुंदीत ज्याची इमारत कागदावर असते तो मोबदला किंवा हस्तांतरणीय विकास हक्क मागू शकतो. कागदावर नसलेल्या इमारतीच्या मालकाची बाजू लंगडी पडते, आणि त्या इमारतीतल्या भाडेकरूला तर बाजूच नसते. त्याने मालकाला दिलेली अनामत, फर्निचर, वीस वर्षांची ओळख, हे कोणत्या रकान्यात भरायचे? बँकेकडे गेला तर जागेचे कागद मागतात. कागद मालकाकडे नाहीत, तर याच्याकडे कोठून येणार? वर सुचवलेल्या सूचनेची पोच भाडेकरूच्या नावेही दिली गेली, तर निदान अमुक तारखेपासून येथे दुकान होते एवढे तरी त्याला सिद्ध करता येईल.

या सगळ्याला पैसा लागेल, आणि तो कोठून आणायचा हे अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने सांगितलेच पाहिजे. अनधिकृत बांधकामावरची शास्ती दोन्ही महानगरपालिका आज सर्वसाधारण महसूल म्हणून वापरू शकतात. तिचा काही हिस्सा त्याच इमारतींच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. प्रत्येक विभागात फक्त बांधकामाची मजबुती पाहणारा, नोटिशीचा अधिकार नसलेला, एक अभियंता त्यातून नेमता येईल. त्याच्या हाती फीत देऊ नये.